पाठीवरचे चिमटे

फॅशन फोटोग्राफर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा, उंच मुली आणि परदेशातले विमानतळ येतात. माझ्या डोळ्यांसमोर कपडे वाळत घालायचे चिमटे येतात. माझा सगळा धंदा त्या चिमट्यांवर चालला, आणि माझी भर अंगणात, वीस माणसांसमोर जी शोभा झाली तीही त्यांच्यामुळेच. तुमच्या अंकाने 'काहीतरी गमतीचं लिहा' म्हणून सांगितलं आहे, तर तेच लिहिते. आता त्यात गंमत आहे. त्या दिवशी नव्हती.

आधी धंदा सांगते. सांगलीत विश्रामबागेत माझा स्टुडिओ आहे. साड्या, शेरवान्या, लहान मुलांचे कपडे यांचे कॅटलॉग मी करते. एकाही मासिकाच्या मुखपृष्ठावर माझं काम आलेलं नाही. पण साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही साडीच्या दुकानात शिरा, काउंटरमागच्या भिंतीवर जी बाई हसत उभी असते ती बहुधा माझी असते. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये शिवल्या जाणाऱ्या गाऊनच्या खोक्यावरही माझीच बाई आहे. प्रवास म्हणाल तर तोही खूप झाला, फक्त विमानाने नाही. एकदा माणदेशातल्या माळावर पैठणी नेसवून मुलगी उभी केली, तर मागून मेंढरं आली. मेंढक्याला म्हटलं, जरा थांबवता का यांना? तो म्हणाला, "मेंढरं न्हाई थांबायची बाई. पोरीला सरकवा, ती शानी दिसती." आम्ही पोरीला सरकवलं.

आता चिमटे. दुकानातून फोटोसाठी येणारा कपडा कधीच मापाचा नसतो. दुकानदार सगळ्यात मोठं माप पाठवतो, म्हणजे तो नंतर विकता येतो, आणि मॉडेल असते काडीसारखी. मग कपडा पाठीमागून गोळा करायचा आणि चिमटे लावायचे. समोरून असं वाटतं की कपडा तिच्याच अंगावर शिवला आहे. मागून बघितलं तर कपडे वाळत घातलेली दोरी. हे चिमटे लावायचं काम मालनताईंचं. त्या पूर्वी लाँड्रीत इस्त्रीला होत्या, माझ्याकडे साड्या नेसवायला आल्या आणि राहिल्या. कामात असताना त्यांच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे त्यांची मतं मला दिवसाच्या शेवटी एकदम कळतात.

प्रतापची ओळख उसामुळे झाली. एका शेठना लग्नसराईच्या कॅटलॉगसाठी हिरवी पार्श्वभूमी हवी होती. जानेवारीचा महिना, उसाला तुरे आलेले. कराडच्या पुढे कृष्णाकाठच्या एका गावात मला हवं तसं रान सापडलं. रानाचा मालक म्हणजे प्रताप, तेहतीस-चौतीस वर्षांचा, हडकुळा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, डाव्या भुवईत विळ्याची जुनी खूण. मी त्याला कॅमेऱ्यातून दाखवलं, की या दगडावर मी उभी राहणार आणि इथून एवढाच ऊस दिसणार.

"एवढाच?" त्याने विचारलं.

"एवढाच. पण गुरुवारी सकाळी तो मला पाहिजे."

"असतोय की," तो म्हणाला.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना सांगायला हवं, की कारखान्याची तोड कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं. शेतकरी आठवडेच्या आठवडे वाट बघतो, उसाचं वजन घटत राहतं, आणि एक दिवस अचानक टोळी कोयते घेऊन दारात उभी राहते. तेव्हा 'उद्या या' म्हणायची सोय नसते. टोळी पुढच्या रानात जाते. प्रतापच्या रानात ती नेमकी बुधवारी आली.

गुरुवारी सकाळी मी, मालनताई, पुण्याहून आलेली मॉडेल आणि अठरा साड्या अशा तिथे उतरलो तर रान भुंडं झालेलं. मी शेठना लावायला फोन काढला. तेवढ्यात दिसलं की मधोमध, गुळगुळीत डोक्यावर शेंडी ठेवावी तसा, पंधरा-वीस फूट रुंद आणि चार सऱ्या जाड असा उसाचा एक तुकडा उभा आहे. शेजारी प्रताप उभा.

"त्या दगडावर जावा," तो म्हणाला. "तितनं तेवढंच दिसतं. मी काल मोबाईल धरून बघितलंय, मगच मुकादमाला खून दिली. साडेधाला शेवटची ट्रॉली हाय. तवर तुमचं आटपा."

मी दगडावर चढले. कॅमेऱ्यात बघितलं तर चारी बाजूंनी गच्च ऊस. साडेदहापर्यंत आम्ही अठरा साड्या संपवल्या. प्रतापने रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवायची ती मोठी चंदेरी चकती, वाऱ्यात घट्ट धरून ठेवली आणि मॉडेलच्या पाठीवरचे चिमटे कुतूहलाने मोजले. आमचं झाल्याझाल्या टोळीने तो तुकडा तोडून ट्रॉलीत टाकला. कॅटलॉग बघून शेठ म्हणाले, "काय दाट रान शोधलंत मॅडम." मी मान हलवली. दिलेला शब्द इतक्या मापात पाळणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

पुढच्या महिन्यात तोच प्रताप आईला घेऊन स्टुडिओत आला. आईचं नाव हौसाबाई. पिशवीतून घरच्या गुळाची ढेप काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि त्यांनी थेट विषयाला हात घातला.

"बाई, तुमी आमच्या उसात त्या पोरीचं फोटू काडलं. पोरगी काय दिसली, काय दिसली. आता माज्या पोराचा काडा. चौदा ठिकानी न्हाई म्हनल्यात."

"कारण काय सांगतात?"

"कारन कशाला सांगत्यात? शेती म्हनलं की झालं."

बायोडाट्यावरचा आधीचा फोटो मी मागून घेतला. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून प्रतापला कापून काढलं होतं, आणि त्याच्या खांद्यावर एक अनोळखी पंजा तसाच राहिला होता. असा फोटो बघून मीही विचार केला असता. मी म्हटलं, आपण रानातच काढू, उसाजवळ छान दिसेल. हौसाबाईंनी हात जोडले.

"उसात नगा बाई. ऊस बघून तर पोरी पळत्यात."

मग मी स्टुडिओत काढला, आणि खरं सांगते, मला चेव आला. चौदा नकार म्हणजे माझ्या कलेला आव्हान वाटलं. माझ्याकडे एक वाइन रंगाचा ब्लेझर पडून होता, प्रतापपेक्षा तीन मापं मोठा. मालनताईंनी मागून आठ चिमटे लावले, खांद्यांत कापूस घातला. ब्लेझरमध्ये तो आधी सावधानमध्ये उभा राहिला, मग मी एक हात खिशात घालायला सांगितल्यावर काहीतरी शोधत असल्यासारखा उभा राहिला. मधेच दिव्याची छत्री स्टँडसकट कलली. पडणार म्हणेपर्यंत याने पाठ फिरवून झेप घेतली, छत्री धरली आणि वळून हसला. माझं बोट बटणावर होतं, तेही दाबलं गेलं. असे फोटो बाद. पण मी काही पुसत नाही. त्याला शिस्त म्हणा किंवा आळस.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसले. दात पुरा केला. भुवईतली खूण घालवली. टोपीमुळे कपाळावर पडलेला काळा-गोरा पट्टा एकसारखा केला. उसाच्या पात्याने हातांवर उठलेले ओरखडे पुसले. रंग थोडा उजळला, मग अजून थोडा. नाक जरा सरळ केलं. शेवटी पडद्यावर जो गृहस्थ उभा राहिला तो विमान कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असावा असा दिसत होता. मालनताईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "ह्यो कोन?"

हौसाबाईंचे डोळे मात्र भरून आले. "आता दिसला माजा प्रताप," त्या म्हणाल्या. प्रतापने फोटो बराच वेळ हातात धरला. "चांगलाय," तो म्हणाला. "कवातरी वळख करून द्या आमची." मी हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हल्ली आमच्याकडे दिवस फिरले आहेत. पूर्वी मुलाकडचे मुलगी बघायला जायचे आणि पोहे खाऊन 'कळवतो' म्हणायचे. आता मुलीकडचे आधी घर बघायला येतात, मोटर किती फुटांवर आहे, संडास घरात आहे की परड्यात, सगळं बघतात, आणि 'कळवतो' तेच म्हणतात. बरंच झालं, असं मला बाई म्हणून वाटतं. तर एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास हौसाबाईंचा फोन आला.

"बाई, हाय तशा निगा. पावनी आल्यात. पोरीचा मामा म्हनतोय, फोटूतला पोरगा येगळा हाय. आमी दुसराच पोरगा म्होरं केला म्हनतोय. जेवायला बसना झालाय. तुमीच येऊन सांगा."

पाहुणा जेवल्याशिवाय उठला म्हणजे स्थळ संपलं. पण इथे त्याहून वाईट होतं. एक स्थळ मोडलं तर पंधरावा नकार, एवढंच. 'ही माणसं फसवतात' असं एकदा चार गावांत झालं की सोळावं स्थळ येतच नाही. आणि ज्याने उसाच्या चार सऱ्यांचाही शब्द मोडला नव्हता, त्याच्यावर माझ्यामुळे हा आळ आला होता. मी लॅपटॉप घेतला, मालनताईंना त्यांच्या घरून उचललं आणि गाडी काढली. वाटेत मालनताईंच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे कराड येईपर्यंत मला सगळं ऐकावं लागलं.

अंगणात सतरंज्या टाकलेल्या. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता आणि कुणीही जेवत नव्हतं. मधोमध मामा बसलेले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, मिशा शिस्तीत. त्यांच्या समोर प्रताप, मान खाली, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. आजूबाजूला सगळी भावकी. मुलगी दिसेना. ती आत बायकांत होती.

"या," मामा म्हणाले. "एकोनीस वर्सं गेटवर आयडेंटिटी कार्ड बघितल्यात मी. चेहरा मॅच झाल्याबिगर जनरललाबी आत सोडला न्हाई." त्यांनी मोबाईल प्रतापच्या गालाला लावून धरला. "सांगा, ह्यो त्यो हाय का?"

"तोच आहे," मी म्हटलं. "लायटिंगमुळे थोडा फरक…"

"लायटिंगनं दात उगावतो व्हय?"

भावकीत कुणीतरी फिसकन हसलं. आजवर मी गिऱ्हाइकाला कधी पाठ दाखवली नव्हती. माझा धंदाच पाठ न दाखवण्याचा. पण प्रतापची खाली गेलेली मान बघवेना. मी लॅपटॉप उघडून खाटेवर ठेवला आणि म्हटलं, "बघा, माझी करामत दाखवते."

फोटो नीट करताना आम्ही मूळ फोटोला हात लावत नाही. एकेक दुरुस्ती वरून काच ठेवल्यासारखी चढवतो, आणि ती कधीही काढून घेता येते. मी एकेक काढायला लागले. रंग उतरवला. कपाळावर टोपीचा पट्टा आला. लॅपटॉपभोवती माणसं गोळा झाली. नाक जागेवर आलं. भुवईत विळ्याची खूण उमटली. "आला, आला," मागून एक म्हातारी म्हणाली. हातावर ओरखडे आले. शेवटी दात अर्धा झाला, आणि सगळी भावकी एका सुरात म्हणाली, "आला आपला परत्या."

मामा चष्मा काढून पडद्यात घुसले होते. "आनि खांदं?" ते म्हणाले. ते एकोणीस वर्षं गेटवर उगाच नव्हते.

मालनताईंनी पिशवीतून चिमटे काढले, "आवं, जरा हुबं ऱ्हावा," म्हणत मामांना उठवलं आणि त्यांचा ढगळ शर्ट पाठीमागून चार चिमट्यांनी आवळला. समोरून मामा पाच वर्षांनी तरणे झाले. त्यांनी मोबाईलच्या पडद्यात स्वतःला आधी समोरून, मग बाजूने बघून घेतलं.

"म्हंजे फसवनूकच की," ते अखेर म्हणाले, पण चिमटे काढा म्हणाले नाहीत.

"हो," मी म्हटलं. "पण ती माझी. या घरातल्या कुणाची नाही."

हे म्हणताना मला रडू आलं, ते का ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. आयुष्यभर मी पोरींचे रंग उजळवत आले, त्यांच्या कमरा कापल्या, गालांवरचे तीळ पुसले. कुणी तक्रार केली नाही, कारण त्या फोटोतल्या बाईकडे फोटो घेऊन कुणी मामा आला नव्हता. सावळ्या पोरीही स्वतःला बघून 'मस्त आलाय' म्हणायच्या आणि घरी जायच्या. त्याची मला आजही खंत वाटते.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाकीचे फोटो आहेत?"

ती स्वाती होती, आत बसलेली मुलगी. विश्रामबागेतच, माझ्या स्टुडिओपासून दोन गल्ल्यांवर, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी. ती पुढे आली, खाटेच्या कडेला बसली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून एकेक फोटो बघायला लागली. सावधानमधला प्रताप. खिशात हरवलेला प्रताप. ती कुठेच थांबली नाही. मग तो छत्रीचा फोटो आला. पाठीवर आठ चिमटे, दोन्ही हातांत माझी छत्री, वळलेली मान आणि तुटक्या दातासकट हसू.

"याच्यात काही केलंय?"

"काही नाही. बाद झालेला आहे तो."

तिने मान वर करून पहिल्यांदा प्रतापकडे सरळ बघितलं. "तो दुसरा फोटो असा करायला तुम्ही सांगितलं होतं?"

प्रतापला 'नाही' म्हणता आलं असतं, आणि ते खरंच होतं. मी पुढे व्हायला निघाले, तर त्यानेच उत्तर दिलं.

"सांगितलं न्हाई. पर नगं बी म्हनलो न्हाई. चौदा जनींनी न्हाई म्हनलंवतं. म्हनलं, ह्याला तरी कोन व्हय म्हनतंय का बघू."

कुणी हसलं नाही. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. स्वाती परत त्या छत्रीच्या फोटोकडे वळली, बोटाने पडद्यावरचे चिमटे मोजले, लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला आणि उठली.

"मामा," ती म्हणाली, "जेवून घ्या. पोळ्या गार होतायत."

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग मिशांवरून हात फिरवला, आणि चार चिमट्यांसकट पंगतीला बसले. मीही बसले. पुरणपोळी कशी होती ते मला आठवत नाही. दोन खाल्ल्या एवढं मालनताईंनी नंतर सांगितलं.

लग्न मे महिन्यात ठरलं. फोटो मीच काढणार, तेही भेट म्हणून, असं मी मनाशी धरून चालले होते. बॅटऱ्या चार्ज केल्या, नवी लेन्स पुसून ठेवली. आठवडाभर आधी स्वाती लॅबमधून सुटल्यावर स्टुडिओत पत्रिका घेऊन आली.

"मॅडम, जेवायला नक्की यायचं. मालनताईंना घेऊन या. फक्त कॅमेरा आणू नका."

"का गं?"

"तुमचे फोटो फार चांगले येतात," ती म्हणाली.

इतकी वर्षं ही ओळ मी कौतुक म्हणून ऐकत आले होते. पहिल्यांदाच ती मला निमूट गिळावी लागली. लग्नाला मी रिकाम्या हाताने गेले. फोटोला गावातलाच एकजण होता, सगळ्यांच्या तोंडावर फ्लॅश मारून सगळ्यांना आहेत त्यापेक्षा तेलकट करत होता. उजेड चुकीच्या बाजूने येतोय हे सांगायला माझी जीभ शिवशिवत होती, ती मी जिलेबीने बंद ठेवली. मामांनी दुरून सॅल्यूट केला. त्यांचा नवा कोट पाठीला कसा काय बेतशीर बसला होता, ते मी विचारलं नाही.

मग रांगेत उभी राहून स्टेजवर गेले. प्रताप भाड्याच्या शेरवानीत ताठ उभा होता, तुटका दात दाखवत हसत होता, आणि शेरवानी अशी बसली होती की जणू त्याच्याच अंगावर शिवली आहे. मी आशीर्वाद द्यायला त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताला चिमटे लागले. एक, दोन, तीन… आठ होते.

मी स्वातीकडे बघितलं. ती समोर फोटोग्राफरकडे बघून हसत होती. ओठ फारसे न हलवता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मीच लावलेत. तुम्ही समोर बघा."